शिट्टीनंतरचा पीळ

लोअर परळच्या एका ऑफिसात मी खेळांवर इंग्रजीत लिहिते. तीनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे अमेरिकन फुटबॉलमधल्या एका दंतकथा झालेल्या बचावपटूवर मोठा लेख लिहायचं काम आलं. तो खेळ मला धड कळत नव्हता. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात, एवढंच दिसायचं. म्हणून एका रविवारी लालबागच्या घरी मी बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं.

बाबा गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. बचावात डावा कोपरा सांभाळायचे. त्यांनी घोटा धरला की सुटका नाही, असं जुनी माणसं अजून सांगतात. दोन-तीन क्लिप बघून ते म्हणाले, "बाय, हा बॉलकडे बघतच नाय. कमरेकडे बघतो. खांदे फसवतात, डोळे फसवतात. कंबर नाय फसवत."

मी भराभर टिपून घेत होते. मधेमधे त्यांना त्या खेळाडूची हकिगत सांगत होते. लहान गावातलं गरीब घर, शिष्यवृत्तीवर कॉलेज, मग समोरच्या संघांना धडकी भरवणारी ती वर्षं. त्याच्या एका धडकेनंतर एक खेळाडू पुन्हा कधीच मैदानात उतरला नव्हता. "ती क्लिप तो स्वतः कधीच बघत नाही म्हणे," मी म्हणाले.

बाबांनी लॅपटॉप मिटला.

"वरळीचे काका लंगडतात ना," ते म्हणाले, "तो पाय मी मोडला."

हे मला माहीत होतं. प्रभादेवीच्या फायनलमध्ये चढाईला आलेल्या काकांना बाबांनी धरलं आणि गुडघा गेला. अपघात होता. त्यातूनच दोघांची दोस्ती झाली. दर दिवाळीला बाबा फराळ घेऊन वरळीला जायचे.

"अपघात नव्हता," बाबा म्हणाले. "शिट्टी वाजली होती. मी ऐकली. तरी सोडला नाय, वर एक पीळ दिला. आधीच्या चढाईत त्यानं मला आडवा केला होता, पब्लिक हसली होती. तेवढ्यासाठी." मग म्हणाले, "हे तुझ्या आईला पण ठाऊक नाय."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच वेळी, लेखाचा शेवट सापडला, असंही मनात आलं.

बाबांचं ते बोलणं मी लेखाच्या शेवटी लिहिलं. नाव दिलं नाही, यावर स्वतःची समजूत घातली. 'लालबागचा एक जुना कबड्डीपटू, डावा कोपरा' एवढंच लिहिलं. लेख गाजला. आठवड्याभरात कुणीतरी शेवटचा भाग मराठीत करून जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपला नावाची काय गरज?

बाबांनी तो भाग चष्मा लावून दोनदा वाचला. ओरडले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "वरळीला जाऊन येतो." मी मागोमाग निघाले. त्यांनी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

काका चाळ सोडून नव्या टॉवरमध्ये राहायला गेले होते. दार त्यांनीच उघडलं. बाबा उंबऱ्यातच उभे राहिले.

"वाचलंस?" बाबांनी विचारलं.

"पोरानं दाखवलं. आत ये."

"खरं आहे ते."

"माझा पाय होता रे," काका म्हणाले. "मला कळलं नसेल? शिट्टी मी पण ऐकली होती."

बाबा आत येऊन खुर्चीत बसले आणि रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. काकू पाणी घेऊन आल्या आणि पेला ठेवून परत आत गेल्या.

जरा वेळानं काका माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "हा दर दिवाळीला यायचा. फराळाचा डबा ठेवायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, मग मॅचच्या गप्पा मारून जायचा. मी वाट बघायचो. म्हटलं, सांगेल कधीतरी. त्यानं सांगायला हवं होतं गं, मला मोबाइलवर वाचायला नको होतं."

चहा आला. तो मी संपवला, कारण कप हातात धरला की कुणाकडे बघावं लागत नव्हतं. तोवर ते दोघं कुठल्याशा पंचाच्या भांडणावर बोलायला लागले होते. मधेच काका हसलेसुद्धा.

घरी येताना टॅक्सीत मी म्हणाले, "बाबा, चुकलं माझं."

"हं," ते म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना तेवढा परिच्छेद काढायला सांगितला. "वेडी आहेस का? लोक तोच वाचतायत," ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. महिन्याअखेरीस ऑफिसात त्या लेखाचं कौतुक झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले, हसले, थँक यू म्हणाले. बाबांना हे मी सांगितलेलं नाही.