ज्यूस जप्त करणारे इस्माईलचाचा

जाहीर निवेदन. जेद्दा शहरात राहणाऱ्या, रत्नागिरी-रायगडकडच्या तमाम मधुमेही, रक्तदाबग्रस्त व हृदयरोगी बांधवांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, दवाखान्यातून सुटणाऱ्या रुग्णासाठी आंब्याच्या ज्यूसची खोकी आणल्यास ती दारातच जप्त होतील. तक्रार चालणार नाही. रडारड चालणार नाही. हुकमावरून, इस्माईलचाचा.

असं निवेदन कुठे चिकटवलेलं नव्हतं, पण अंमल कडक होता. मी त्या दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करायला आहे आणि माझ्या खिडकीतून मुख्य दार दिसतं. आमच्याकडचा कोणी सुटणार असला की दारात माणसं जमत. खोलीतले जोडीदार, एखादा गाववाला, हातात ज्यूसची खोकी, खजुराचे डबे. आणि सगळ्यांच्या पुढे, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, पोट पुढे काढून इस्माईलचाचा. रुग्ण बाहेर आला की बाकीचे म्हणत, “मुबारक, मुबारक!” आणि चाचा गरजत, “मुबारक कसलं? दवाखान्यात कोण पण जगतं. आता खोलीवर जगून दाखव!” मग सगळी खोकी गोळा करून माझ्या हातात कोंबत. “घे इंजिनेर, तू पी. तुना काय झालं तर तू इथंच असतोस.” माझं पोट सुटलं ते असं, समाजसेवेतून. बायकोला मी आजही हेच कारण देतो.

चाचा मूळचे म्हसळ्याकडचे. तरुणपणी आले आणि साठी उलटली तरी इथेच. गाड्यांच्या सुट्या भागांचं चालतं दुकान, वर दोन खोल्या, त्यात एकटे. बायको वारलेली, मुलगा कॅनडात. दिवसभर कोणावर ना कोणावर भडकलेले. रागीट माणसाला लोक टाळतात. चाचांच्या रागाने लोक वेळेवर गोळ्या घेत.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदाच विचारलं. “मोठा भाऊ,” ते म्हणाले. “दवाखान्यातून चालत आणला. सगळ्यांनी मिठाई खाल्ली, गेले आपापल्या कामाला. मी पण दुकानात गेलो. दुकान बंद करून वर आलो तर...” समोर एक गिऱ्हाईक निरुपद्रवीपणे फॅनबेल्ट बघत उभं होतं, त्याच्यावर ओरडले.

आता मुश्ताकची गोष्ट. मुश्ताक एसी मेकॅनिक, चाचांच्याच शेजारच्या गावचा. जुनी साखर, पायाच्या अंगठ्याला जखम. दहा दिवस वॉर्डात राहून सुटला तेव्हा दुभाषा म्हणून मला बोलावलं, कारण डॉक्टर इजिप्तचे, नर्स फिलिपिन्सची आणि मुश्ताकचं हिंदी ‘क्या हुआ’च्या पुढे जात नसे. डॉक्टर भला माणूस, पण घाईत. म्हणाले, भाजलेला मासा खा, सॅलड खा, पाय उशीवर ठेवून विश्रांती घ्या, रोज हलका व्यायाम करा. दिवसभर खांद्यावर मशीन घेऊन गच्च्या चढणाऱ्या माणसाला हलका व्यायाम! सहा जणांच्या खोलीत एका पातेल्यात जो भात शिजतो तो खाणाऱ्याला सॅलड! मी निमूट भाषांतर केलं. डॉक्टरांनी शेवटी विचारलं, “खलास?” एवढाच शब्द कळल्यामुळे मुश्ताक आनंदाने म्हणाला, “खलास!”

वॉर्डच्या दारात चाचांनी ते ऐकलं आणि पेटले. “खलास कसलं रे? खलास तुझा पाय होईल!”

त्याच संध्याकाळी ते मुश्ताकच्या खोलीवर गेले आणि पातेल्याचा ताबा घेतला. आजाऱ्यासाठी वेगळं शिजवायचं म्हटलं की तो खोलीवर ओझं होतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. म्हणून त्यांनी सोपा निकाल दिला. “एका पातेल्यात सहा जण जेवतात, म्हंजे सहाच्या सहा जणांना साखर!”

एक जोडीदार चाचरत म्हणाला, “पण चाचा, मना नाय साखर.”

“येईल. आत्तापासून सवय कर.”

मग कंपनीच्या सुपरवायझरकडे मोर्चा. मुश्ताकला काही दिवस बसून करायचं काम द्या, म्हणाले. सुपरवायझर कुरकुरला तेव्हा चाचांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. “याचा पाय कापला तर गच्चीवर कोण चढेल, तुझा मालक, तो कफील?” मुश्ताकला वर्कशॉपमध्ये खुर्ची मिळाली.

इतकं करूनही जखम भरेना. चाचा साखर मोजायचं यंत्र खिशात घेऊन फिरत. आठवडाभर मुश्ताकची साखर शहाण्यासारखी वागे आणि शनिवारी सकाळी बेभान होई. डॉक्टरांनी तपासलं आणि मला म्हणाले, “पुढच्या वेळी अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. कदाचित वरचा भागही. काय करणार? पेशंट ऐकत नाही.”

पेशंट ऐकत नाही! या तीन शब्दांइतकं आरामशीर वाक्य वैद्यकशास्त्रात दुसरं नसेल. ते म्हटलं की सगळे मोकळे. ज्याने परक्या भाषेत सांगितलं तो मोकळा, ज्याला खोली ठाऊक नाही तो मोकळा, ज्याने बँडेजवाल्याला परत शिडीवर पाठवलं असतं तोही मोकळा. अडकतो फक्त पाय. मी हे चाचांना सांगितलं तेव्हा माझ्यावरच उखडले. “ऐकत नाय? आणि तुम्ही कधी ऐकलंत त्याचं? शुक्रवारी काय होतं ते बघायला कोण गेलं?”

मग आम्हीच गेलो. जुम्म्याची नमाज आटोपून चाचा मशिदीतून निघाले, मला वाटेत गाडीत घेतलं आणि न कळवता आम्ही खोलीवर धडकलो. जोडीदार बाहेर गेलेले. आत मुश्ताक एकटा, आंघोळ करून, अत्तर लावून, इस्त्रीच्या शर्टात. समोर प्रेशर कुकरला टेकवलेला मोबाईल. पुढ्यात हॉटेलातून आणलेल्या मटण बिर्याणीचं ताट, शेजारी मोठी पेप्सी आणि वाटीभर शिरा. आणि पायात बूट. बँडेजवर बूट! फोन दूर ठेवला की पुरा माणूस दिसतो, म्हणून.

मोबाईलमध्ये त्याची बायको रेहाना. तिकडे गावी दुपारचे चार वाजलेले. “खा ना अजून,” ती म्हणत होती. “शिरा ठेवलास तसाच.”

“खातो गं. तू पण खा.”

“हे बग,” म्हणून तिनेही खिरीचा चमचा कॅमेऱ्यासमोर धरून तोंडात घातला. मागे पुरा टोप भरलेला दिसत होता.

मुश्ताकने आम्हाला पाहिलं आणि घास तसाच राहिला. चाचांनी फोन उचलला. त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहून मी दाराकडे सरकलो.

“रेहाना, मी इस्माईलचाचा. तुझ्या नवऱ्याला साखर हाय. दहा दिवस दवाखान्यात होता. पायाला जखम हाय, ती लपवायला बूट घातलाय. आणि दर शुक्रवारी तुना दाखवायला हे सगळं गिळतोय.”

मुश्ताक कळवळला. “चाचा, आता ती मना घरी बोलावेल. इथलं काम गेलं तर खायचं काय?”

मोबाईलमध्ये रेहाना हातातल्या चमच्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, “मना पण साखर हाय. रमजानच्या आधी चक्कर येऊन पडले, तेव्हा माणगावच्या डॉक्टरने सांगितलं. याला कळलं असतं तर काम सोडून आला असता.” मग एकदम तिचा आवाज चढला, टोप दणकन आपटल्याचं ऐकू आलं. “आणि मंग मी दर शुक्रवारी ही खीर कोणासाठी खात होते?”

मी हसलो. हसायला नको होतं, पण हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी वाकून आधी मुश्ताकच्या पायातला बूट काढला, मग ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि दोघांना मिळून असं काही झापलं की पलीकडच्या खोलीतले बंगाली कामगार दारात येऊन उभे राहिले. “लांब राहून एकमेकांना सांभाळताव म्हणे! दवाखान्याला माहीत, जखमेला माहीत, घरच्यांनाच तेवढं माहीत नाय!”

पुढच्या शुक्रवारपासून चाचांची नवी राजवट सुरू झाली. जुम्म्यानंतर मोबाईल कुकरलाच टेकवलेला, पण इकडे नाचणीची भाकरी आणि कारलं, तिकडेही भाकरी आणि कारलं. दोघांनी आधी साखरेचा आकडा सांगायचा, मग घास. मुश्ताक अनवाणी, बँडेज कॅमेऱ्यासमोर. मधे खुर्ची टाकून चाचा. “आता रोमान्स करा,” ते म्हणत. अंगठा वाचला. डॉक्टर मला म्हणाले, “शेवटी ऐकलं त्याने.” मी हातातल्या ज्यूसचा घोट घेतला.

गेल्या हिवाळ्यात चाचांनाच हार्ट अटॅक आला. दुकानात, एका गिऱ्हाइकाला झापताना. आठवडाभर वॉर्डात गुरगुरत पडले. मुलाला कळवू का विचारलं तर म्हणाले, “कशाला? त्याला वाटू दे, बाप मजेत हाय. मी करीन फोन, चांगला शर्ट घालून.” मग माझी नजर चुकवून नर्सवर ओरडले.

सुटायच्या दिवशी मी त्यांना व्हीलचेअरवरून खाली आणलं. दारात अख्खं कोकण जमलं होतं. सगळ्यांच्या पुढे, पोट पुढे काढून, दोन्ही पायांवर ताठ उभा मुश्ताक. कोणीतरी भाबडेपणाने आणलेलं ज्यूसचं खोकं त्याने हिसकावलं आणि न बघताच माझ्या हातात दिलं.

“मुबारक!” कोणीतरी म्हणालं.

“मुबारक कसलं?” मुश्ताक गरजला. “चाचा, आजपासून जेवण आमच्या पातेल्यात. दुकान महिनाभर बंद. कॅनडाला फोन मी केलाय, पोरगा येतोय.”

मग त्याने मोबाईल चाचांच्या नाकासमोर धरला. आत रेहाना, पदर खोचून.

“चाचा, शुक्रवारी माझ्यासमोर जेवायचं. कारलं पुरतं संपेपर्यंत मी फोन ठेवणार नाय. आणि आवाज चढवायचा नाय, डॉक्टरने सांगितलंय.”

चाचांनी एकदा मुश्ताककडे पाहिलं, एकदा मोबाईलकडे. मग मान वळवून, सगळ्या दरवाजाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, “इंजिनेर, खुर्ची फिरव! मना परत आत ने!”