दोन हस्की आणि सुके बोंबील

आमच्या मागच्या दारी रस्ते आधी आले आणि घरं मागाहून. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अबुधाबीच्या बाहेर, खलिफा सिटीत आम्ही एका व्हिलाचा तळमजला भाड्याने घेतला होता. मागच्या गेटातून बाहेर पडलं की गुळगुळीत डांबरी रस्ते, दिव्यांचे खांब, फुटपाथ, सगळं तयार. माणसांचा मात्र पत्ता नाही. नवरा दूर रुवैसला, तेलाच्या रिफायनरीत. शनिवारी पहाटे जायचा तो बुधवारी संध्याकाळी उगवायचा. मधले दिवस मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी. अलिबागची बँकेतली नोकरी सोडून मी आले ती या दोघांसाठी, आणि त्यातला एक आठवड्यातले पाच दिवस गायब. मग उरली कोण? तिच्या डब्यापासून तिच्या भूगोलाच्या नकाशांपर्यंत सगळं मी करायचे, आणि ते मला आवडायचं.

शेजारच्या व्हिलात एक स्विस बाई राहायला आली. हिंदी सिनेमात हिरोइनी पातळ साडी नेसून बर्फात नाचतात ना, तिथली. उंच, चाळिशीची, मूलबाळ नाही, नवरा सदा टूरवर. तिच्याबरोबर दोन हस्की आले, एक काळा आणि एक पांढरी. बर्फावर गाड्या ओढणारी ही जात, आणि आणून ठेवली कुठे, तर वाळवंटात! त्यांना स्वतंत्र खोली, चोवीस तास एसी. आमच्या हॉलचा एसी रडतखडत चालायचा आणि पलीकडे कुत्री गारव्यात पाय ताणून झोपायची. माझ्या पोटात दुखायला सुरुवात तिथूनच झाली म्हणा.

नोव्हेंबर लागला, पहाटे जरा गार वाटायला लागलं, तशी बाई रस्त्यावर उतरली. पायात स्केट्स, डोक्यात हेल्मेट, कमरेला रुंद पट्टा. पट्ट्यापासून एक ताणणारी दोरी निघायची ती थेट त्या दोघांच्या अंगावरच्या पट्ट्यांना. तिने ओरडून काही म्हटलं की कुत्री सुसाट सुटायची आणि ही मागून सरळ उभी, चाकांवर सरकत. मी ओट्यापाशी चहा गाळता गाळता बघतच राहिले. म्हटलं, हिला वेड लागलंय.

माझ्या मुलीला मात्र वेड लागलं ते खरोखरीचं. दोन दिवसांत तिने ओळख काढली, तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरात. संध्याकाळी परत आली ती बोलतच. "आई, इट्स कॉल्ड स्कीजोरिंग! त्यांच्याकडे माउंटनमध्ये स्नोवर करतात, पायात स्की घालून. इथे स्नो नाही म्हणून स्केट्स." मला म्हणाली, चल, व्हिडिओ बघ. मी गेले. आता न जाऊन करते काय!

त्या कॅसेटमध्ये डोंगरातली एक अरुंद पांढरी वाट होती. दोन्ही बाजूंना झाडं, फांद्या बर्फाने वाकलेल्या. पुढे हीच दोन कुत्री, तोंडातून वाफ, आणि मागे ही बाई स्कीवर, गुडघे थोडे वाकवून. वळणावर ती नुसती कंबर कलती करायची. हातात लगाम नाही, चाबूक नाही, तोंडाने एक शब्द की कुत्री डावीकडे, दुसरा शब्द की उजवीकडे. चढावर ती स्वतः स्कीच्या काठ्या बर्फात रोवून त्यांना मदत करायची. उतारावर एकदा ती मोठ्याने हसली, आणि सोफ्यावर माझ्याशेजारी बसलेली माझी मुलगीही तशीच हसली. अगदी त्याच वेळी. मी तिच्याकडे पाहिलं. माझ्याबरोबर टीव्ही बघताना ती असं कधी हसली होती, मला आठवेना.

त्यानंतर माझी पोरगी पहाटे पाचला उठायला लागली. आपली आपण! शाळेच्या बससाठी हिला उठवताना माझा घसा बसायचा. आता अलार्म वाजायच्या आधी स्केट्स घालून तयार. सकाळचे पोहे नकोत, ती बाई खाते तसं गिळगिळीत ओट्स हवेत. बोलण्यात सतत तिचंच नाव. ती म्हणते पाठ ताठ ठेव, ती म्हणते भीती वाटली की श्वास सोड. मी गेली तेरा वर्षं पाठ ताठ ठेव म्हणत होते, तेव्हा कुणाच्या कानात बोळे होते? युनिफॉर्मवर पांढरे केस, केसांना कुत्र्याचा वास. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मी तेलाची वाटी घेऊन बसायचे तर म्हणायची, "लेटर, आई." नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. पोरगी हलते तरी!" माझा नुसता तिळपापड झाला. हलते म्हणे! पोरगी हातची चालली होती आणि याला व्यायाम दिसत होता.

मग एके दिवशी बाई आमच्याकडे आली, हातात चॉकलेटचा डबा. डिसेंबरच्या सुट्टीत दोन आठवडे ती कुत्र्यांना घेऊन आपल्या गावी निघाली होती. मुलीला बरोबर पाठवाल का, म्हणाली. तिथे तिची आई होती, मोठं घर होतं, आणि ती वाट होती. मात्र एक अट होती. निघण्यापूर्वी एका शुक्रवारी मुलीने दोन्ही कुत्र्यांना जोडून आमच्या मागच्या रस्त्याची पूर्ण फेरी एकटीने मारायची, न पडता, आणि शेवटी नुसत्या आवाजावर त्यांना थांबवायचं. जमलं तर ती व्हिसासाठी पत्र देणार. नाही जमलं तर बर्फावर पाठवणं धोक्याचं. नवरा फोनवर तत्काळ हो म्हणून मोकळा झाला. मुलीने माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "आई, प्लीज, से येस." मी हो म्हटलं. दोन आठवडे! ती बाई तिला सकाळी उठवणार, ती बाई तिचे गार पडलेले हात चोळणार. त्या रात्री मी जेवले नाही.

आता बोंबलांचं सांगते. सुरुवात खरंच निष्पाप होती. अलिबागहून आलेले सुके बोंबील मी मागच्या अंगणात शेगडीवर भाजत होते, आणि तेवढ्यात कुत्र्यांना फिरवायला चाचा आला. हा चाचा गुहागरकडचा, त्या बाईची बाग आणि कुत्री सांभाळायचा. माझ्याशी मराठीत बोलायचा, मला वहिनी म्हणायचा. संध्याकाळी तो कुत्र्यांना ते ओढायचे पट्टे घालून त्याच रस्त्याने चालवायचा. बोंबलाचा वास लागला मात्र, दोघं गेटला येऊन भिडली. एरवी माझ्याकडे ढुंकून न बघणारी ती राजेशाही जोडी शेपट्या हलवत माझ्यापुढे! मी एकेक तुकडा दिला. पांढरीने माझा हात चाटला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या घरातलं कुणीतरी माझ्याकडे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशी मी वाटच बघत होते. आणि त्याच आठवड्यात मुलगी जेवताना सहज म्हणाली, "यू नो आई, पट्टा घातलेला असताना त्यांना कधीच खायला द्यायचं नाही. देणारा माणूस त्यांच्या डोक्यात बसतो. मग पळता पळता तो दिसला की ती तिकडेच वळतात." मी म्हटलं, "असं होय?" आणि तिच्या पानात भात वाढला.

इथे थांबायचं होतं. थांबले नाही. रोज संध्याकाळी गेट अर्धं उघडं ठेवून मी उभी राहायचे, पदराखाली बोंबलाचे तुकडे. चाचा कुरकुरायचा. "बाईला कळलं तर खलास हां, वहिनी." मी म्हणायचे, "मुक्या जिवांना एक घास दिला तर काय बिघडतं?" दहा-बारा दिवसांनी तो म्हणाला, "वहिनी, ही आता लांबूनच खेचायला लागतात हो. तुमच्या गेटापाशी येईस्तोवर माझा हात उपटतात." मी हसले. आत येऊन हात धुतले, दोनदा साबण लावून, तरी वास जाईना. काय करतेय हे मला माहीत नव्हतं असं मी आजही कुणाला सांगू शकत नाही. पक्कं माहीत होतं. पोरगी पडेल, हाड मोडेल, इतका पुढचा विचार नव्हता केला. कुत्री वळतील, फेरी बिघडेल, बाई म्हणेल पुढच्या वर्षी बघू. इतकंच मला हवं होतं.

तो शुक्रवार आला. रिफायनरीत दुरुस्तीचा शटडाऊन म्हणून नवरा त्या आठवड्यात आलाच नव्हता. सकाळी सात वाजता बाई रस्त्याच्या टोकाला उभी राहिली. मुलगी निघण्यापूर्वी स्वयंपाकघरात आली, हेल्मेटचा पट्टा माझ्याकडून लावून घेतला. हनुवटीखाली बोट घालून मी बकल अडकवलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, काही बोलेल असं वाटलं, पण नुसतं "बाय, आई" म्हणून गेली.

मी स्वतःला म्हटलं, आज घरात बसायचं. कणीक मळायला घेतली. दूरवरून तिची हाक ऐकू आली, कुत्र्यांना सोडल्याची, आणि माझे हात थांबले. शेजारणीने बघायचं आणि आईने बघायचं नाही? तसेच पिठाचे हात घेऊन मी मागच्या गेटात गेले.

ती येताना दिसली. सरळ उभी, खांदे सैल, गुडघे किंचित वाकलेले, त्या कॅसेटमधल्यासारखी. वळणावर तिने कंबर कलती केली, एक शब्द उच्चारला, आणि दोन्ही कुत्री तिचं ऐकून वळली. माझ्या पोरीचं! तिचा चेहरा नुसता उजळला होता. मी मनातल्या मनात म्हटलं, जा गं, जा पुढे.

तेवढ्यात काळ्याने मला पाहिलं.

दोघं एकदम आडवी फिरली. मुलगी ओरडली, थांबायचा शब्द दोनदा ओरडली. कोण ऐकतंय! पट्ट्याचा हूक सोडायला तिने हात नेला, पण तोवर फुटपाथची कड आली. ती उजव्या हातावर आदळली. तो आवाज मी ऐकला. आणि कुत्री माझ्या पायाशी, शेपट्या हलवत, पिठाची बोटं हुंगत.

बाई धावत आली. आधी तिने मुलीचा हूक सोडवला, मग मान वर करून कुत्र्यांकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. इंग्रजीत हळूच म्हणाली, "यांना इथे कुणीतरी खायला घालत होतं." मुलगी मनगट छातीशी धरून रस्त्यावर बसली होती. तिनेही माझ्याकडे पाहिलं. "नाही हो," मी म्हटलं, "इथे कोण घालणार?"

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. बाई ठरल्या दिवशी कुत्र्यांना घेऊन एकटीच गेली. आणि माझी पोरगी मला परत मिळाली. मी तिला भरवायचे, तिची वेणी घालायचे, तेलही लावायचे. ती निमूटपणे बसायची. जे जे हवं होतं ते ते झालं होतं, आणि सुट्टीभर मी आनंदात होते. लाज वाटते, पण होते. फक्त ती बोलत नव्हती. विचारलं तेवढं सांगायची. मी मनाची समजूत घालायचे, हात दुखत असेल.

जानेवारीत बाईचं पाकीट आलं. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती, ती परत येणार नव्हती. चार प्रेमळ ओळी आणि एक फोटो. तीच पांढरी वाट, तीच जोडी. पट्टा बांधून स्कीवर उभी होती तिची भाची, माझ्या मुलीच्याच वयाची, गाल लाल झालेले. मुलीने फोटो डाव्या हातात धरला आणि कितीतरी वेळ त्या मुलीकडे बघत बसली. ओठ घट्ट, नाकपुड्या फुललेल्या. तो चेहरा मला चांगला ठाऊक होता. दीड महिना रोज सकाळी ओट्यापाशी उभी राहून मी तोच चेहरा करत होते. तेरा वर्षांच्या पोरीला मी ते दुखणं दिलं होतं.

मला राहवेना. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगून टाकलं. म्हटलं, "त्यांना मीच खायला घालत होते. तू सांगितलंस त्यानंतरसुद्धा."

"आय नो," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"चाचांनी. टेस्टच्या आधीच."

मी चिडूनच म्हटलं, "अगं मग पळालीस कशाला? बाईला सांगायचं होतंस, रस्ता बदलून घ्यायचा होतास! मला विचारायचं होतंस!"

तिने फोटो पाकिटात नीट घातला. एका हाताने पाकीट मिटायला जमत नव्हतं, मी हात पुढे केला तर तिने ते बाजूला घेतलं.

"मला वाटलं, त्या दिवशी तू बाहेर येणार नाहीस," ती म्हणाली.