फळीवरची तांबडी

उंदीर रोज पाव किलो दाणे फस्त करतात, हे तोलून पाहिल्यावर मी कोंबड्यांसाठी झाकणाचं भांडं आणलं. कोंबडी समोरच्या फळीवर उभी राहिली, की तिच्या वजनानं झाकण उघडतं. बाकीच्या खाऊन गेल्या. आजारातून उठलेली तांबडी मात्र फळीवर ताटकळली. झाकण हललंच नाही.

"अहो, तिनं आधी वजन वाढवून यायचं का?" बायको म्हणाली.

भरल्या पोटांनाच दारं उघडतात, हे माणसांत पाहिलं होतं. परसात ते मी स्वतः निवडून आणलं.

मग फळीवर वीट ठेवली. आता झाकण दिवसभर उघडं असतं, उंदीरही येतात. तांबडी लांबूनच बघते. हे आपल्यासाठी उघडत नाही, एवढं ती शिकली आहे.