निम्मा भार

ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे परक्यांना निर्धास्तपणे वरखाली पोचवले, त्याला स्वतःच्या घरी जाण्यासाठी मात्र बहात्तर पायऱ्या चढाव्या लागत. लिफ्टकाका तिसऱ्या मजल्यावर राहत, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. गल्लीला हा विनोद तोंडपाठ होता. "काका, एक बसवून टाका की आता," असे कुणी म्हटले, की ते शांतपणे म्हणत, "सुताराच्या घरची खुर्ची कधी धड पाहिलीयस का?"

लिफ्टच्या दुरुस्तीत त्यांचा एक नेम होता, आणि तो त्यांनी व्रतासारखा पाळला. बिघाड असा काढावा, की तो झाला होता हे वापरणाऱ्याला कळूच नये. हाताखालच्यांना ते सांगत, "लिफ्ट बिघडली होती असं ऐकलं की माणूस भितो. भ्याला की जिना चढतो. आणि दमेकरी म्हातारी जिना चढू लागली की ते पाप आपल्या माथी." म्हणून ते लोक जेवायला बसल्यावर येत, दोर ताणून पाहत, काय बदलायचे ते बदलत आणि निघून जात. आभार मानून घेण्याची त्यांना सवयच लागली नाही.

त्यांच्या पत्नीने तितकीच वर्षे बालवाडी चालवली. गल्ली त्यांना 'बाई' म्हणे. घरात लिफ्टकाकाही 'बाई'च म्हणत, थोडे थट्टेने आणि बरेचसे आदराने. निवृत्तीनंतर बाईंच्या दिवसाला एकच खरे प्रयोजन उरले होते. संध्याकाळी पाचला त्या खाली उतरत आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येत. चष्म्याच्या दुकानातला पोक्त माणूस, त्यांचा जुना विद्यार्थी, उठून उभा राही. बसचा कंडक्टर दारातून ओरडे, "बाई, बघा, नाक स्वच्छ आहे!" त्यावर बाईंचे ठरलेले उत्तर असे, "हात दाखव आधी." एवढ्या दोन वाक्यांवर त्यांची रात्र सुखात जाई.

अशा बाईंचा डावा पाय एकदा पायरीवर पडता पडता राहिला. नंतर पुन्हा तेच झाले. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, तारा लावून पाहिल्या आणि फिरवाफिरव न करता सांगितले. स्नायू झिजत जाणार, यावर औषध नाही. "त्यांना काम देत राहा. काम करणारा स्नायू उशिरा हरतो. सहा महिन्यांनी जमिनीवरून आपल्या बळावर उठता आलं, तर जिना आणखी काही वर्षं तुमचा. नाहीतर तळमजल्यावर घर बघा."

तळमजल्यावरचे घर एकच होते, लेकीचे, आणि ते दूरच्या गावी. तिथे बाईंना 'बाई' म्हणणारे कुणी नव्हते.

डॉक्टरांनीच जोडीने करायच्या व्यायामाच्या एका वर्गाचे नाव सुचवले. एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तो भरे. खालच्या इस्त्र्यांच्या वाफेने फरशी सदैव कोमट असे, आणि एका भिंतीला आढ्यापर्यंत आरसा होता. शिकवणारी ताई वयाने दोघांच्या लेकीहून लहान. पण विद्येला वय नसते, म्हणून तिला सगळे ताई म्हणत. पूर्वी ती नर्तकी होती. गुडघा दुखावल्यावर ती पिलाटिस हा गादीवरचा व्यायामप्रकार शिकली, आणि हळूहळू दोन्ही विद्या तिने एकीत एक मुरवल्या. वर्गात दोन पावले उजवीकडे, दोन डावीकडे, हातात हात घेऊन एक गिरकी, आणि गिरकीतूनच गादीवर बसणे. तेथून श्वासाचे आणि पोटाचे काम सुरू होई.

सर्वांत कठीण होते उठणे. जोडीदारांनी समोरासमोर बसायचे, गुडघे मुडपून पावलांना पावले भिडवायची, एकमेकांची मनगटे धरायची, मागे रेलायचे आणि एकाच श्वासात दोघांनी उभे राहायचे. ताई पुन्हा पुन्हा सांगे, "ओढायचं नाही. निम्मा भार तुझा, निम्मा माझा. ज्याचा पाय काम करणार नाही तो खाली बसेल. बसू द्या! गाद्या कशाला घातल्यात?"

शेजारच्या गादीवर निवृत्त पोस्टमन आणि त्याची थोरली बहीण असत. "अरे, खेचतोस काय," ती ओरडे, "पार्सल आहे का मी?"

"पार्सल असतीस तर केव्हाच परत पाठवली असती," पोस्टमन म्हणे.

बाई हसत. पण पहिले दोन आठवडे त्या प्रत्येक वेळी खालीच बसल्या. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस घरी आल्यावर त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वरून गल्ली किती लहान दिसते हो. माणसांची नुसती डोकी."

पुढच्या वर्गात लिफ्टकाकांनी टाच बोटभर बाहेर वळवली, पकड मनगटावरून कोपराकडे नेली आणि ताईची मोजणी सुरू होण्याच्या अर्धा श्वास आधी खांद्यात ओढ घेतली. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. बाई उभ्या राहिल्या.

"उठले! अहो, उठले मी!"

साऱ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांत जे उजळले, ते लिफ्टकाकांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत पाहिले होते आणि मग कुठे हरवले ते त्यांना आठवत नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे त्यांनी स्वतःला सांगितले. आज आपण उचलू, उद्या पाय सावरेल, मग हळूहळू आधार काढून घेऊ. कुणाला कळणारही नाही.

पण काढून घेण्याची वेळ आली नाही. दर आठवड्याला त्यांचा वाटा वाढत गेला. ताईची नजर तीक्ष्ण होती, परंतु आरशात आकृती दिसते, भार दिसत नाही. आणि न दिसता भार पेलणे हे तर या माणसाचे आयुष्यभराचे कसब. दोघे इतक्या सुरेख लयीत उठत, की ताई इतरांना त्यांचे उदाहरण देई. यातून एक अनर्थ घडला. डाव्या पायासाठी ताईने घरी रोज करायला दिलेले व्यायाम बाईंनी सोडून दिले. "जे येतंय ते घोकायचं कशाला? मुलांनासुद्धा मी कंटाळा आणला नाही कधी." लिफ्टकाकांनी ते ऐकले. बोलायचे तर सगळेच बोलावे लागले असते.

पाचव्या महिन्यात त्यांचा उजवा खांदा धरला. शर्टाची बाहीसुद्धा घालता येईना. बाईंच्या आग्रहाखातर ते वर्गाला गेले आणि बाकावर बसून राहिले.

"काका, आज तुम्ही बघा," ताई म्हणाली. "बाई माझ्याबरोबर."

"आज नको. पुढच्या वेळी आम्ही..."

"का हो? मी काय पळवून नेतेय तुमच्या बाईंना?"

वर्ग हसला. बाईही हसल्या आणि ताईसमोर ऐटीत बसल्या. पावलांना पावले भिडली. ताईने अंक मोजले. ताई निम्मी उठली. बाई जागच्या हलल्या नाहीत. "माझंच चुकलं वाटतं," ताई म्हणाली, "पुन्हा." दुसऱ्यांदा बाईंचे डावे पाऊल ओल्या फडक्यासारखे घसरले. तिसऱ्यांदा बाईंनी ओठ घट्ट मिटून सारा जीव पणाला लावला, आणि त्यांच्या मानेची शीर तेवढी ताठ झाली.

ताईने मनगटे सोडली नाहीत. तिने मान वळवून बाकाकडे पाहिले, मग त्या धरलेल्या खांद्याकडे. पोस्टमनच्या बहिणीने उठून वर्गात वाजणारे गाणे बंद केले.

"काका," ताई हळूच म्हणाली, "किती दिवस?"

लिफ्टकाकांनी तो खांदा दुसऱ्या हाताने झाकला. बाईंनी ताईच्या हातातून आपली मनगटे सोडवून घेतली आणि गादीच्या काठाशी असलेले बूट ओढले.

घरचा जिना चढायला त्या दिवशी पाऊण तास लागला. आत येऊन खुर्चीत बसल्यावर त्यांनी विचारले, "कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून."

"म्हणजे एकदासुद्धा नाही. एकदासुद्धा मी उठले नाही."

"तू हसत होतीस गं."

"हसत होतेच. मूर्खासारखी हसत होते." त्यांचा आवाज चढला नाही, बालवाडीत तो कधीच चढला नव्हता. "हात धरून गिरवलेलं अक्षर मुलाचं नसतं हो, ते बाईंचं असतं. हात सोडला की वाकडं. चाळीस वर्षं आयांना हेच सांगितलं मी. म्हटलं, चुकू द्या, त्याचं त्याला चुकू द्या. आणि माझ्या घरात तुम्ही..."

"पडलीस की मला बघवत नव्हतं."

"मग डोळे मिटायचे. पाय माझा होता."

उरलेला महिना बाईंनी खरा व्यायाम केला. वर्गात त्या आता ताईबरोबर बसत, घरी सकाळ-दुपार रबरी पट्टा बांधून पाय ओढत. प्रत्येक वेळी त्या खाली बसल्या आणि कुणी त्यांना सावरले नाही. परंतु गेलेला स्नायू रागावून गेलेल्या माणसासारखा नसतो. तो समजूत घातल्याने परतत नाही. डॉक्टरांनी तपासून नुसती नकारार्थी मान हलवली. बाई बाहेर गेल्यावर लिफ्टकाकांनी दारातून मागे फिरून विचारले, "ते पाच महिने नीट झाले असते तर?"

"कदाचित फरक पडला असता," डॉक्टर म्हणाले. "कदाचित नसताही."

निश्चित दोषाला प्रायश्चित्त असते. 'कदाचित'ला कसले प्रायश्चित्त घ्यावे? गल्लीत कुणी घर सोडण्याचे कारण विचारले तर लिफ्टकाका सांगत, "लेक बोलावतेय," आणि पुढे चालू लागत.

सामान हलवायच्या दिवशी बाईंनी बजावले, "जिना मी माझी उतरणार. हात लावायचा नाही." त्यांनी कठडा धरला. पहिल्या चोवीस पायऱ्यांना अर्धा तास लागला. लिफ्टकाका एक पायरी खाली, तोंड वर करून, धरलेला हात छातीशी आणि धड हात पाठीमागे ठेवून उलटे उतरत होते. मधल्या वळणावर बाईंचा उजवा गुडघाही लटपटला, आणि त्या भिंतीला टेकत हळूहळू खाली बसल्या.

वरून दोन हमाल कपाट घेऊन आले होते. ते परगावचे होते. "आजी, जरा सरकता का? खांदा निघाला आमचा."

त्या जिन्यावर बाईंना आजवर कुणी आजी म्हटले नव्हते. त्यांनी वर पाहिले. मग म्हणाल्या, "टेकवा बाबांनो. आम्हाला वेळ लागेल."

लिफ्टकाकांचा धड हात अजून पाठीमागेच होता.

"धरा आता," बाई म्हणाल्या.

"किती घेऊ?"

"आता विचारताय?" त्या किंचित हसल्या, त्या हसण्यात क्षमा होती की नुसता थकवा, हे लिफ्टकाकांना उमगले नाही. "घ्या, झेपेल तेवढा."

एका धड हाताला फारसे काही झेपले नाही. मग ते बाईंच्या शेजारी पायरीवर बसले. एक पायरी खाली सरकायचे, थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा सरकायचे, असे ते दोघे उतरू लागले. त्यांनी एक पायरी सोडली की वरचे हमाल कपाट उचलून एक पायरी खाली येत आणि मुकाट्याने उभे राहत.