रिपोर्टात न दिसलेलं दुखणं

जूचंद्र गावच्या रचनाला जमिनीवर बसायची सवय लहानपणापासूनची. शाळेतून आली की अंगण सारवायचं, उकिडवं बसायचं आणि चिमटीतून रंग सोडत राहायचं. लग्न होऊन ती त्याच गावात, दोन आळ्या पलीकडे आली तेव्हा तिच्या सामानात साड्यांपेक्षा रंगांचे डबे जास्त होते. माणसाचा चेहरा रांगोळीत उतरवणं हे तिचं खास काम. गालावरची सुरकुतीसुद्धा ती बोटांनी अशी पाडायची, की बघणाऱ्याला हात लावावासा वाटे.

मुलगी झाली आणि सगळं बिघडलं.

सुरुवात अंथरुणातच झाली. कूस बदलताना उजव्या बाजूला, कमरेच्या खाली, ढुंगणाच्या वरच्या अंगाला कोणीतरी सुरी फिरवल्यासारखं झालं. मग बसून उठताना. मग एका पायावर उभं राहून सलवार घालताना. वसईच्या हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. फिल्म उजेडाला धरून ते म्हणाले, "मणका छान आहे. गोळ्या घ्या, टेन्शन घेऊ नका."

दुसऱ्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. मालिश करणाऱ्या बाईने तेल चोळून पाय असा ओढला, की रचना आठवडाभर भिंत धरून चालत होती.

घरात सासू सत्यवती भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "आमी पोरा नाय जनली काय? बारसा झाला नाय त शेतान उतरलू." प्रितेश वाईट नवरा नव्हता. गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचा. पण पिशवी देताना हमखास विचारायचा, "रिपोर्ट तर क्लिअर आहे ना?" त्या एका वाक्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण नाटक करतो की काय, असं आता तिचं तिलाच वाटू लागलं होतं.

दिवाळीच्या रांगोळी प्रदर्शनात तिने हट्टाने जागा घेतली. राजोडीच्या किनाऱ्यावर तिने स्वतः काढलेला एका मासळीवालीचा फोटो होता, तो चेहरा करायला घेतला. डोळे झाले, नाक झालं. हनुवटीला रंग सोडताना ती उठायला गेली आणि उजवी बाजू अडकली. तोल गेला. सावरायला टेकलेला हात नेमका त्या चेहऱ्यावर पडला. शेजारी रांगोळी काढणाऱ्या दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. सगळे "असू दे, असू दे" म्हणत होते, आणि त्या "असू दे"नेच तिला जास्त राग आला. तिने केरसुणी मागितली आणि मासळीवाली स्वतःच्या हाताने झाडून टाकली.

नायगावला नवीन फिजिओथेरपिस्ट आल्यात, असं प्रितेशने सांगितलं तेव्हा ती आशेने नाही, चिडूनच गेली. ज्ञानदा नावाची तिच्याच वयाची मुलगी होती. तिने फाईल बाजूला ठेवली.

"कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा."

रचनाने बोट ठेवलं. आजवर तिला कोणी बोट ठेवायला सांगितलंच नव्हतं.

ज्ञानदाने तिला उताणं झोपवलं, उजवा गुडघा वर घेतला आणि मांडीवरून खाली जोर दिला. रचना ओरडली. "हेच! हेच ते!" डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते नुसतं दुखण्याचं नव्हतं.

मग ज्ञानदाने कपाटातून कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा काढला. "हे मधलं त्रिकोणी हाड. वर सगळा मणका याच्यावर उभा, खाली टोकाला माकडहाड. दोन्ही बाजूंना कमरेची मोठी हाडं, आणि त्यांच्यामध्ये हे पाचरीसारखं बसलेलं, जोडावर दोन्हीकडे एकेक सांधा. बसता-उठता ते थोडं पुढे-मागे कलतं."

"थोडं म्हणजे?"

"एक-दोन मिलिमीटर."

"एवढ्याशाने मी वर्षभर मरतेय?"

"बाळंतपणात वाट व्हावी म्हणून इथले बंध सैल पडतात. नंतर आवळतात. तुमच्या उजव्या बाजूने अजून जोर धरलेला दिसत नाही, म्हणून तो सांधा चिडतोय."

"मग एमआरआयमध्ये का नाही आलं?"

"तो मणक्याचा होता. आणि या सांध्याचा काढला, तरी तो दुखतोय की नाही हे फोटो सांगत नाही."

बरं वाटायला हवं होतं. पण पुढचं वाक्य आलं, "सध्या उकिडवं बसायचं नाही."

"मग हातच तोडून घ्या ना माझे!" रचना ताडकन बोलली. सांगाडा कपाटात ठेवत ज्ञानदा म्हणाली, "कायमचं नाही म्हणत मी."

कमरेला पट्टा आला. गुडघ्यांमध्ये उशी दाबायची, पाठीवर झोपून कंबर उचलायची, असले कंटाळवाणे व्यायाम आले. आठ दिवस बरे जायचे, मग मुलीला एका कडेवर घेतलं की पुन्हा तेच. पट्टा तर तिने दोनदा भिरकावून दिला.

एका दुपारी ती व्यायाम करत असताना सत्यवती दारात येऊन उभी राहिली. आता टोमणा येणार म्हणून रचनाने दात आवळले. सासूने लुगड्यावरून आपल्याच कमरेखाली एक बोट टेकवलं. "मना बी येथंच दुखतं. प्रितेश झाला तवापासून."

रचना उठून बसली. "मग बोललात का नाही कधी? मला मात्र ऐकवत राहिलात!"

"कोन ऐकनार होता?" म्हातारी म्हणाली आणि हळूच खाली बसली. रचनाचा राग गेला नाही, पण तो आता सासूवर राहिला नाही. तिने उशी उचलून सासूच्या गुडघ्यांमध्ये ठेवली. "दाबा. जोरात नको."

पुढच्या दिवाळीत रचनाने लहान जागा मागितली. टेबलावर फळी टाकून, उभ्या-उभ्या, मध्ये मध्ये फिरून येत तिने एका म्हातारीचा चेहरा केला. उभ्याने रंग सोडताना हात हवा तसा बसत नव्हता आणि एक कान तिच्या मनासारखा उतरलाच नाही. येणारे-जाणारे विचारत, "यंदा एवढीशीच?"

"हो, एवढीशीच," ती तुटकपणे म्हणायची आणि पुन्हा त्या कानाकडे वळायची.