पळीभर तीर्थ

ज्याच्या जन्माचा सोहळा भर माध्यान्ही होतो, त्या प्रभू रामचंद्राला वंदन करून हे लिहितो आहे. आज रामनवमी. गेल्या रामनवमीला माझ्या हातून जे घडले, ते आजच्याच दिवशी सांगणे उचित.

लेकीच्या माघारी तिची मुलगी आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या पदरात आली. पोरगी सहा वर्षांची. बोलता येत नाही, बसवावे लागते, आणि गिळताना घास श्वासनलिकेत जातो म्हणून तिचे सारे अन्न पोटाला बसवलेल्या नळीवाटे. तोंडाने थेंबही द्यायचा नाही, हा डॉक्टरांचा दंडक. माझी पत्नी तो व्रतासारखा पाळते.

त्या दुपारी अकोल्याच्या आमच्या घरी पाळणा झाला. पत्नी शेजारी सुंठवडा वाटायला गेली होती. मी तीर्थ घेताना नातीने माझ्याकडे पाहून तोंड उघडले. अकालमृत्यू टाळणारे, सर्व व्याधी हरणारे म्हणून ज्या पंचामृताची थोरवी मी जन्मभर सांगितली, ते या लेकरालाच का वर्ज्य असावे? मी पळीभर तिच्या जिभेवर सोडले. ती हसली. मग खोकली.

तिसऱ्या दिवशी ताप आणि धाप. मूर्तिजापूरवरून अमरावती गाठेपर्यंत तिचे ओठ निळसर झाले होते. डॉक्टरांनी विचारले, “तोंडावाटे काही दिलं होतं का?”

“नाही जी,” पत्नी ठामपणे म्हणाली. “घरात कोणी देतच नाही.”

मी उपरण्याचे टोक चाचपत उभा राहिलो.

दोन दिवस ती स्वतःलाच बोल लावत होती. “दूध देल्यावर म्या तिले लवकर आडवी केली असंन. माह्याच हातानं झालं.” मी शेजारी बसून जप करत होतो. त्या जपाची आजही लाज वाटते.

मग डॉक्टर म्हणाले, “पोटातलं दूध वर चढून फुप्फुसात जात असावं. तसं असेल तर शस्त्रक्रिया करावी लागेल.” संमतीचा कागद माझ्यापुढे आला. पेन हातात घेतले आणि मला पुढे जाता येईना. मी सगळे सांगितले.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. “आजोबा, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. शस्त्रक्रियेचं आता थांबवू. औषधांनी काय होतं ते आधी पाहू.”

पत्नी माझ्यामागून बाहेर आली. मग म्हणाली, “पोरीनं तोंड उघडलं म्हून तुमी देलं, हे समजते मले. पन दोन दिवस मले रडू देलं, ते काहून?”



शस्त्रक्रिया टळली. बाराव्या दिवशी नात घरी आली.

आज पाळणा झाल्यावर तिने पुन्हा तोंड उघडले. मी तीर्थात बोट बुडवून तिच्या कपाळाला लावले. पत्नी सुंठवडा वाटायला गेली नव्हती. दारातच उभी होती, माझ्या हाताकडे पाहत. तिने पाहावे, हेच योग्य.

वाचकहो, तुमच्या घरातली लेकरे निरामय असोत, आणि चूक झालीच तर ती वेळेवर बोलून टाकण्याचे बळ प्रभू तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना देवो.