दुसऱ्याच्या नावाचा पत्ता

मिस्तरीला कुत्र्याची भीती नव्हती, अंधाराची नव्हती, बायकोची थोडीफार होती. वकिलाचा शिक्का असलेल्या कागदाची मात्र इतकी, की विचारू नका. त्यामुळे दुकानात नोटीस आली तेव्हा ती त्याने उभ्यानेच वाचली, आणि मग बसायला समोरचं स्टूल त्याला सापडेना.

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, तीही बहुतेक एकाच बड्या कंपनीची. गिऱ्हाईक वाढावं म्हणून मेहुण्याने त्याला वेबसाइट काढून दिली. तिच्या पत्त्यात आधी कंपनीचं नाव आणि पुढे 'दुरुस्ती'. निम्मं गिऱ्हाईक त्यावरूनच यायचं. आता कंपनी म्हणत होती, हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे. पत्ता आमच्या हवाली करा, नाहीतर दावा लावू.

"दुकान जाणार आपलं," तो बायकोला म्हणाला.

"अहो, आधी एखाद्या वकिलाला तर दाखवा!"

पण मेहुणा पडला उंटावरचा शहाणा. "भावोजी, घाबरताय काय? गरज त्यांना आहे. विकत घ्या म्हणावं!" भ्यालेला माणूस कुणाचंही ऐकतो. मेहुण्याने सुचवलेला भलामोठा आकडा मिस्तरीने कंपनीला मेलवर कळवला, आणि वेड्याला वर जरा बरंही वाटलं.

कंपनीचं दुसरं, जास्त कडक पत्र आलं तेव्हा मिस्तरी आणि मेहुणा वकीलबाईंकडे गेले. बाईंनी सगळं वाचलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही खरंच त्यांची मशीन दुरुस्त करता. आमचा कंपनीशी संबंध नाही, असं साइटवर स्वच्छ लिहिलं असतं, तर भांडायला थोडी तरी जागा होती. पण हा मेल? आता ते म्हणणार, विकण्यासाठीच नाव अडवून ठेवलं होतं. आणखी कुठली नावं घेतलीत?"

"छे हो!"

मेहुणा खाली बघत होता. मिस्तरीच्याच नावावर त्याने आणखी दोन कंपन्यांचे पत्ते घेऊन ठेवले होते. "पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून," तो पुटपुटला. मिस्तरीच्या पायाखालची जमीन सरकली. गिऱ्हाइकाची सुई कधी ठेवून न घेतलेला माणूस कागदोपत्री दरोडेखोर झाला होता.

बाईंनी मार्ग काढला. सगळे पत्ते फुकट, बिनशर्त देऊन टाकायचे, लेखी माफी मागायची आणि मेहुण्याला कीबोर्डपासून लांब ठेवायचं. कंपनीने दावा लावला नाही. दुकान वाचलं.

"आम्ही या कंपनीची मशीन दुरुस्त करतो, असं तोंडाने खुशाल सांगा," बाई म्हणाल्या. "खरं बोलायला बंदी नाही."

सगळे म्हणाले, सुटलो. मिस्तरीची भीती मात्र सुटली नाही. फोनवर कुणी कंपनीचं नाव घेऊन विचारलं, की तो म्हणायचा, "घेऊन या, बघू." जन्मभर घेतलेलं नाव आता त्याच्या जिभेवर येईना.

एके दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई मशीन घेऊन आल्या. त्याच कंपनीची अडकलेली मशीन, नेहमीचं काम. त्याने तेलाची कुपी उचलली, दाराकडे पाहिलं, आणि कुपी खाली ठेवली. मग चिकटपट्टी फाडून मशीनवरच्या सोनेरी अक्षरांवर आडवी लावली.

"अहो, हे काय करताय?"

"काही नाही," तो म्हणाला. "काम झालं की काढतो."